सत्यभामाबाईची मोरपंखी

तुमसरला बहिणीच्या अंगणात सत्यभामाबाईनं मोरपंखी पाहिली आणि तिचा जीवच जडला. बारा महिने हिरवं झाड. चपट्या पानांचे पंखे कुणी उभे धरून ठेवल्यासारखे. वाळलेली चार फळं पदरात बांधून ती सिहोऱ्याला परतली.

"धानाच्या गावात शोभेचं झाड कायले?" नवरा सुखराम म्हणाला.

"डोळ्याले!"

पहिलं बी धानाच्या बांधीतल्या चिकट मातीत कुजलं. मग तिनं मातीत रेती आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला, उरलेलं बी कुंड्यांत पेरून त्या सावलीत ठेवल्या. रोपं वर आली, पण पानं कुठली चपटी? नुसत्या बारीक सुया.

देवळाची बाग सांभाळणारे भय्याजी वाकून म्हणाले, "वहिनी, हे त सुरूचं झाड दिसते."

"मंग उपटतो. वांगे लावू," सुखरामनं हात घातला.

"हात नोका लावू! बी मी आपल्या हातानं पेरलं. वासराले जन्मताच शिंगं राहतात काय?"

सुखरामनं हात मागे घेतला, पण त्याला पटलं नव्हतं.

उन्हाळा आग ओकत आला. तिनं सावलीला धानाच्या तणसाची ताटी उभारली, सकाळीच मुळाशी पाणी घातलं, दुपारी जेवण सोडून माती चाचपली. काही रोपं करपली, तेव्हा ती रडली. दोन तगली.

पावसाळ्यात एके दिवशी सून गुंजन अंगणातून ओरडली, "आई, लवकर या!"

सुयांच्या वर, शेंड्याला, एक इवलासा चपटा पंखा फुटला होता. उभा, ताठ. सत्यभामाबाईनं तो बोटांत चोळला, नाकाशी नेला. तोच वास, बहिणीच्या झाडाचा! ती खदखदून हसली.

सुखराम चिखलाच्या पायांनी धावत आला. पाहिलं आणि कुंपणावरूनच हाका घालू लागला, "भय्याजी, या! आमच्या घरवालीनं मोरपंखी रुजवली!"

भय्याजींनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "दोन्ही बाजूनं सारखंच हिरवं. मोरपंखीच आहे. हरलो, वहिनी! एक रोप देवळाले द्या."

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई लेकरू घ्यावं तशी कुंडी कडेवर घेऊन भर रस्त्यानं देवळाकडे निघाली.

"काय वो ते, बाई?" ओसरीओसरीवरून विचारणा होऊ लागली.

"मोरपंखी!" ती साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती. "बियापासून केली, माय. मीनं केली!"