व्याह्यांचं नाक

माझा आवाज मोठा आहे, लपवण्यात अर्थ नाही. रॉटरडॅमच्या बाजारात हेरिंग विकण्यात उभा जन्म गेला. तिथं जी कुजबुजते तिचे मासे मांजरं खातात. आणि माझी एकुलती एक मारलूस प्रेमात कुणाच्या पडली, तर दूर उत्तरेला ड्रेंथ प्रांतातल्या एका खेड्यातल्या हिल्बर्टच्या. त्या खेड्यात कुणी शिंकलं तरी चार घरांत चर्चा होते.

हिल्बर्टचे वडील रूलोफ तर विचारूच नका. घराच्या दाराला घंटा नाही. भिंतीला पाठ लावल्याशिवाय गडी बसायचा नाही. मी कालव्यावरच्या पुलापासूनच "आहे का कुणी घरात" ओरडत, सगळ्यांसारखी मागच्या दारानं शिरले, की कोपऱ्यातून नुसते बघायचे. मला वाटायचं, मासेवाली विहीण आली की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

लग्नात शॅम्पेनचं बूच उडालं आणि हे गृहस्थ हातसुद्धा न टेकता ओंडक्यासारखे आडवे. नाक फुटलं. मी मारलूसला म्हटलं, "बयो, सासरा बेवडा आहे तुझा." आता माझं कानातलं बोलणं म्हणजे हॉलभर दवंडी. रूलोफनी कोट झटकला आणि गप्प बसले.

मग फेना झाली, माझी नात. अंगानं जरा ताठरच होती, पण सुईण म्हणाली, सुटेल हळूहळू. आम्ही बघायला जमलो. बाळ झालं की आमच्यात कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पसरतात, ते माझं चाललं होतं. हातातून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर आदळलं. फेना दचकली ती फळीसारखी ताठ झाली. मुठी आवळलेल्या, ओठ निळे, श्वास बंद. आम्ही सगळे थिजलो. रूलोफनी तिला उचललं, डोकं आणि गुडघे पोटाशी आणून तिची घडीच घातली. अंग सैल पडलं, आणि पोर रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

तशीच तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "फिट असू शकते," त्या म्हणाल्या. "जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, तर इजाही असू शकते." मारलूसनं माझा हात धरला. तिचा हात माशांखालच्या बर्फासारखा गार. पोर जन्माची अधू झाली की काय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बाईंनी फेनाच्या नाकाच्या शेंड्यावर हळूच बोट टेकवलं. तिचं डोकं झटक्यानं मागं गेलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा झटका. बाई थांबल्या.

"घरात कुणी दचकून पडतं का?"

हिल्बर्टनं बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, "आमच्यात असलं काही नाही."

माझं डोकं फिरलं. "नाही कसं? लग्नात सपशेल आडवे झालात. का तेव्हा झेपेल त्यापेक्षा जास्त झाली होती?"

रूलोफनी माझ्याकडं बघितलं. "विहीणबाई, मी जन्मात थेंब घेतलेला नाही."

"मग मी बेवडा म्हटलं तेव्हा तोंड का शिवलं होतं?"

"लहानपणापासून भित्रा म्हणत आले लोक. त्यापेक्षा बेवडा बरा."

रूलोफनी खुर्ची ओढली, चष्मा काढला आणि लहान पोरासारखे डॉक्टरीणबाईंसमोर बसले. "लावा बोट," म्हणाले. बाईंनी लावलं. भला सहा फुटी माणूस, मान फटकन मागं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळेलाही तस्संच. मग माझ्या जावयानंही निमूट दुसरी खुर्ची ओढली आणि नाक पुढं केलं. त्याचाही झटका, जरा हलका.

"म्हणजे तूसुद्धा?" मारलूस म्हणाली. "आणि मला सांगत होतास, फटाक्यांचा वास सहन होत नाही."

बाई हसल्या, तिथंच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, हे घराण्यातूनच आलंय. नसांना 'पुरे, आता थांब' असा निरोप पोचावा लागतो. तो निरोप झेलणारा भाग ज्या जनुकानं घडतो, त्यात एखादं अक्षर चुकलेलं असणार. गाडी चांगली आहे, ब्रेक जरा उशिरा लागतो. रक्त तपासून खात्री करू. औषधाचे थेंब आहेत, जपावं लागेल, अंग वर्षा-दोन वर्षांत सुटेल. दचकणं राहील.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"डोकं तुमच्यावर गेलं तर सांभाळा. तसं ठीक दिसतंय."

मारलूस हसता हसता रडायला लागली. मीही रडले, आणि हॉस्पिटलातसुद्धा मला हळू रडता आलं नाही.

"ती घडी घालायला कुठं शिकलात?" बाईंनी रूलोफना विचारलं.

"आई माझी अशीच घालायची," ते म्हणाले.

रक्ताचा निकाल आला तो बाई म्हणाल्या तसाच. त्यानंतर मी रूलोफकडं गेले ती चोरासारखी. कालव्यावरच्या पुलापासून तोंड मिटलेलं, मागचं दार अलगद लोटलं, पाऊल न वाजवता आत. रूलोफ फेनाला मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून असे उडाले की पोर निसटता निसटता राहिली.

"विहीणबाई, हे काय नवीन?" ते म्हणाले, श्वास जागेवर आल्यावर.

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तुम्ही दर वेळी पुलावरून ओरडत येता. तुम्ही येताय हे मला आधी कळतं. सगळ्या जगात तुम्ही एकट्याच, ज्यांनी मला आजवर येताना कधी दचकवलं नाही."

मी तशीच मागं फिरले, पुलापर्यंत गेले, आणि तिथून बाजारातला आवाज लावून दोघांना हाक मारत परत आले. फेना मांडीवर सैल पडून झोपली होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही.