पडवीत थांबलेला दोर

मी दोर बोलतोय. खरं तर अर्धा दोर. कतारला, दोहातल्या अल मुंतझा वस्तीत, हमीदच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या वर मला काचेच्या चौकटीत गुंडाळून बसवलंय. आयुष्यभर खारं पाणी प्यायलो आणि आता एसीच्या गार हवेत माझे हे लाड चाललेत.

माझा जन्म शंभरेक वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. हमीदच्या खापरपणजीने काथ्या वळून मला घडवलं. पावसाळ्यात एखादं गलबत खडकावर आपटलं, की पट्टीचा पोहणारा माझं एक टोक कमरेला बांधून लाटांत शिरायचा आणि ते गलबताच्या डोलकाठीला बांधायचा. दुसरं टोक धरून अख्खा गाव किनाऱ्यावर उभा राहायचा. मग मला धरून खलाशी एकेक करून बाहेर यायचे. जिवावर बेतलं की माणसाची मूठ किती घट्ट होते, ते मला विचारा.

पुढे तिच्या मुलांची, अबूबकर आणि दाऊदची, वाटणी झाली. माड वाटले, होडी वाटली. पण दोर ज्याच्या घरी, त्याला गावात मान. त्यामुळे माझ्यावरून दोघंही हटेनात. शेवटी कोयत्याने माझे दोन सारखे तुकडे केले. न्याय झाला म्हणून पंच चहा पिऊन घरी गेले.

त्याच पावसाळ्यात एक गलबत खडकावर चढलं. अबूबकरने आपला तुकडा नेला, तो पुरेना. मी इकडे दाऊदच्या खांद्यावर होतो. तो पडवीत उभा राहून किनाऱ्यावरचा आरडाओरडा ऐकत होता.

"जावा की," त्याची बायको म्हणाली.

"बोलावणं येऊ दे. भावाला तोंड नाय काय?"

तिकडे अबूबकरही अडून बसला होता. "त्याला दिसत नाय? यायचं तर येईल," म्हणत होता म्हणे.

अखेर गावकऱ्यांनी दाऊदला ओढतच नेलं. तुकडे जोडले, पोहणारा गेला, खलाशी आले. सगळ्यांना पुढे पाठवून गलबताचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, शेवटी निघाला. इतका वेळ डोलकाठीला धरून त्याच्या हातांतलं बळ संपलं होतं. त्याने मला धरलं आणि अर्ध्या वाटेत त्याची बोटं सुटली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

काल हमीदची मुलगी सुहाना मैत्रिणींना मला दाखवत होती. "धिस रोप सेव्ह्ड एव्हरीबडी," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "अब्बा, बट हा कट का केला?"

हमीदला सगळं ठाऊक आहे, त्याच्या आजोबांनी सांगितलेलं. पण तो ताटं मांडायला वळला.

"वाटणीत झाला बेटा, खलास. यल्ला, जेवायला चला."

हमीद, तिला सांग रे. तुझा पणजोबा दाऊद वाईट नव्हता, तेही सांग. पण एव्हरीबडी नाही म्हणावं. एक तांडेल राहिला. तो डोलकाठीला धरून किनाऱ्याकडे बघत होता, तेव्हा मी पडवीत कोरडा होतो.