सुताराची छाती

मी छाती बोलतेय, एका म्हाताऱ्या सुताराची. जरा धावपळीत आहे, मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझ्या बरगड्यांच्या आत दोन फुप्फुसं आणि एक हृदय राहतं. फुप्फुसं बिचारी गरीब. हृदयाने मात्र हल्ली ताळतंत्र सोडलंय. मध्येच पळतं, मध्येच ठोका गिळतं. मला धड झोप नाही की स्वस्थता नाही.

तरुणपणी माझा रुबाब होता. भोक पाडायच्या गिरमिटाची मूठ माझ्यावर टेकवून सुतार जाडजूड फळ्या आरपार करायचा. त्याचा घट्टा अजून माझ्या मधोमध आहे. त्याची लेक लहानपणी त्याच घट्ट्यावर गाल टेकून झोपायची. लोक कौतुक सुताराच्या हातांचं करायचे, भार मी सोसायचे. असो.

ती लेक पुढे जनावरांची डॉक्टर झाली. आता सुतार दिवसभर तिच्या दवाखान्यात बसतो, कुत्र्यांचे पट्टे धरतो. काल त्याला धाप लागलेली तिने पाहिली. माणसांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, तर हा अडून बसला. परक्यासमोर सदरा काढणार नाही, तूच काय ते बघ. मग तिने सदऱ्याखालून स्टेथोस्कोप सरकवला, तोही सवयीने डाव्या कोपराच्या मागे, कुत्र्यांना लावतात तिथे. वर मला थोपटून 'शहाणं माझं बाळ' म्हणाली. दोघं पोट धरून हसली.

"ठोका जरा मागेपुढे होतोय," ती म्हणाली, "पण श्वासाबरोबर तसं होतंच."

माझा जीव खालीवर झाला. अगं, ते कुत्र्यांचं. धडधाकट कुत्र्याचा ठोका श्वासाबरोबर मागेपुढे होतो, हे तू रोज त्यांच्या मालकांना समजावतेस. हा तुझा म्हातारा बाप आहे. पण मला कुठलं तोंड?

आज सकाळी टेबलावर एक तपकिरी कुत्रा होता. लेकीने त्याला तपासलं आणि त्याच्या मालकिणीला नेहमीचं सांगायला लागली, की घाबरू नका, कुत्र्यांमध्ये हे असं... आणि तिथेच थांबली. सुताराकडे पाहत राहिली. मग तशीच आली आणि स्टेथोस्कोप माझ्यावर टेकवला, या वेळी माणसांच्या जागी.

"बाबा, श्वास रोखून धरा."

त्याने धरला. फुप्फुसं गप्प झाली. श्वास थांबला तरी हृदय तसंच ठेचकाळत राहिलं.

"उठा. आत्ताच्या आत्ता जायचंय."

"काल तर बघितलंस की."

"काल कुत्रा समजून बघितलं, बाबा."

तो हसला नाही. कुत्र्याचा पट्टा मालकिणीच्या हातात देऊन उठला.

आता आम्ही भाड्याच्या गाडीत आहोत. सिग्नल लाल आहे. लेकीचा हात त्या घट्ट्यावर आहे. मला भीती वाटतेय, उगाच कशाला लपवू? तुमच्याही आत असं काही अडखळत असेल, तर लाजत बसू नका, एवढंच सांगायचं होतं.

सिग्नल अजून लालच आहे. सुतार खिडकीबाहेर बघत हळूहळू सदऱ्याची बटणं सोडतोय.