हाताच्या रकान्यातला आकडा

पंधरा वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे फोडले मी. म्हणून परतूरच्या आमच्या लॅबमध्ये १९९९ साली रक्तपेशी मोजायचं मशीन आलं, तेव्हा मला रागच आला. डॉक्टर वामनराव म्हणाले, "शैलाबाई, महिनाभर प्रत्येक रक्त मशीननंही मोजा अन् हातानंही. रजिस्टरात दोन रकाने करा. जुळलं तर मशीन ठेवू, नाही तर परत."

पहिले पंधरा दिवस इमानदारीनं मोजलं. मेलं प्रत्येक वेळी जुळलं! मग आला कंटाळा. मशीनचा आकडा बघायचा, दोन-तीन हजार इकडंतिकडं करायचे अन् हाताच्या रकान्यात लिहायचे. हुबेहूब लिहिलं असतं तर संशय आला असता ना! रक्ताचा थेंब पसरलेली काच रंगवून ठेवायची, सूक्ष्मदर्शकात बघायची मात्र नाही.

एका गुरुवारी रामकिसन बायकोला घेऊन आला. सत्यशीला, पहिलटकरीण, नववा महिना, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी जालन्याला सीझर ठरलेलं.

"जल्दी करा बाई, गाडी उभी हाय," तो म्हणाला.

मशीननं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट दाखवल्या एक लाख चाळीस हजार, सीझरला पुरेशा. मी हाताच्या रकान्यात एक लाख अडतीस हजार लिहिलं आणि रिपोर्ट दिला. "घाबरू नको गं," असंही म्हणाले तिला.

शनिवारी कळलं. लेकरू वाचलं, सत्यशीला टेबलावरच गेली. रक्त थांबलंच नाही.

मी तिची काच काढून बघितली. प्लेटलेट शोधून सापडेनात, वीस हजारसुद्धा नसतील. अंगात रक्त इतकं कमी, की तांबड्या पेशी पार बारीक झालेल्या, अन् मशीननं त्याच प्लेटलेट म्हणून मोजलेल्या. पाच मिनिटांचं काम होतं हो माझं! पाच मिनिटांचं! तिथंच बसून रडले.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "दोन्हीकडून जुळतंय. आपली चूक नाही," म्हणाले, आणि मशीन पक्कं केलं. मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

बायकोचं तेरावं झाल्यावर रामकिसन आला, लेकरू छातीशी धरून.

"बाई, लोक म्हणून राह्यले, रक्त बराबर तपासलं नसंल. डॉक्टरसायब म्हणले, तुम्ही सवता हातानं बी मोजल्तं. खरं हाय का? तेवढं सांगा, मला झोप न्हाई."

"हो," मी म्हणाले. "मोजलं होतं."

"मंग तुमचा काई दोष न्हाई." त्यानं डोळे पुसले, खाली वाकला आणि लेकराचं डोकं माझ्या पायांना लावलं.