सत्तर पैशांचा येन

दत्तरावकाकांनी आयुष्यात कधी खोटा भाव लिहिला नाही. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, ते एकतीस वर्षं कारकून होते. रोज दुपारी फळ्यावर खडूने कापूस, तूर, सोयाबीनचे भाव लिहायचे. एखादा व्यापारी चहा पाजून म्हणायचा, "दत्तराव, पन्नास कमी लिवा की." काका चहा प्यायचे आणि खरा भाव लिहायचे. निवृत्त झाले तेव्हा तिथला एक जुना फळा मागून घेऊन गावी ताडकळसला आले. आता त्यावर रोज एकच ओळ असते, जपानच्या येनला आज किती पैसे.

कारण सुकेशनी, काकांची एकुलती लेक. नर्सिंग शिकून साडेतीन वर्षांपूर्वी जपानला गेली. तिथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हे तिचं काम. आमच्या गावातल्या घराच्या दोन खोल्या अजून पत्र्याच्या आहेत. त्यांवर स्लॅब टाकायचा, हे तिनं जातानाच ठरवलं होतं. पाठवणाऱ्या एजंटाने तिला हिशेब मांडून दिला तो येनच्या सत्तर पैशांच्या जुन्या भावानं. ती तिथे पोचेपर्यंत येन साठवर आला होता, आणि मग घसरतच गेला.

पैशालाही भाव असतो, हे आमच्या घरात नवं नव्हतं. आज्याच्या काळी निजामाचा हाली रुपया वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा, सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. काका हे ऐकतच मोठे झाले. त्यामुळे येन पडला तेव्हा त्यांनी मोंढ्यातली रीत काढली. भाव पडला की माल घरात ठेवायचा. लेकीला सांगितलं, "पैसे तिकडंच ऱ्हाऊ दे बाई. भाव येऊ दे."

इथे माझा गुन्हा कबूल करतो. मी सिद्धोधन, काकांचा पुतण्या. शाळेत गणित शिकवतो आणि शहाणपणा दाखवायची मला खोड आहे. काकांनी सहज विचारलं, "मागं कदी इतका पडला होता का रं?" मी लगेच नेटवरून पंधरा वर्षांचे भाव काढून, छापून आणून दिले. २०१५ साली येन बावन्न पैशांपर्यंत आला होता आणि पुढच्या वर्षी पासष्टपर्यंत चढला होता. काकांनी त्या दोन आकड्यांखाली रेघा मारल्या. "बग. चढतोच." मागं झालं म्हणून पुढे होईलच असं नाही, हे मी पोरांना वर्गात ओरडून सांगतो. काकांपुढे मात्र मूग गिळून बसलो. किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

तीन वर्षांचा करार संपला तेव्हा सुकेशनीनं विचारलं होतं, "येऊ का?" काका म्हणाले, "अजून थोडी कळ काढ." तिनं काढली.

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तिचा फोन हातातून घसरला आणि कमरेला बांधलेला रुंद पट्टा केशरकाकूंना दिसला.

"ते काय बांधलंस गं?"

"काही न्हाई माय. माणसं जड असत्यात, उचलावं लागतं." फोन उचलायला ती वाकली आणि तोंडातून बारीक आवाज निघाला. मग तिनं घाईघाईनं बोलणं संपवलं.

काकू काकांकडे वळल्या. "घरात ठिवलेला माल वाळतो, वजनाला घटतो, हे अख्ख्या मोंढ्याला सांगत होता न्हवं? माझ्या लेकीची घट कदी लिवली का फळ्यावर?"

काका जेवले नाहीत. सोमवारी सकाळीच त्यांनी लेकीला फोन लावला. "बाई, लय झालं. ये आता."

ती हसली. "बापू, आज सत्तावन्न हाय, मी बगितलंय. स्लॅबला कमी पडंल. भाव आल्याबिगर माल काढायचा न्हाई, तुमीच सांगता ना? सत्तर झाला की येते. शुक्रवारी सही करायलेय मी, अजून दोन वर्षांची."

काकांनी पुन्हा सांगितलं, काकू रडल्या, मी तिला सरळ रागावलो. ती ऐकेना. हट्टाला ती बापाचीच लेक.

गुरुवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा काका खडू हातात धरून फळ्यासमोर उभे होते. आधीचा आकडा पुसलेला होता. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग लिहिलं, त्यांच्या त्या मोंढ्यातल्या ठसठशीत अक्षरात: येन, ७०.

"काका, अहो..."

"फोन लाव."

मी लावला. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि फळ्याकडे फिरवला. "बग बाई. सत्तर झाला."

सुकेशनी फळ्याकडे पाहत राहिली. रोज भाव बघणारी पोर ती, तिला काय कळायचं राहणार होतं?

"खरंच झाला, बापू?"

"मी कदी खोटा भाव लिवलाय का?"

तिनं नाक ओढलं.

"मग येते, बापू. सही करत न्हाई."

फोन बंद झाला तसे काका फळ्यापाशी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मला बघवेना. मी तो आकडा पुसायला हात उचलला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती येईस्तोवर ऱ्हाऊ दे."