बापाला बांधायचा रविवार

नाताळाच्या आधीचे तीन रविवार आमच्याकडे बांधाबांधीचे. पहिल्या रविवारी मोठी माणसं पोरांना बांधतात, दुसऱ्या रविवारी पोरं आईला, आणि तिसऱ्या रविवारी बापाला. ज्याला बांधलं त्याने अक्रोड, चॉकलेट, जे हाताशी असेल ते देऊन सुटका करून घ्यायची. दिलं की गाठ सोडायचीच, तिथे नाही म्हणायची सोय नाही. हसण्याखिदळण्याचा सण आहे हा. आमच्या घरात त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही.

दुसऱ्या रविवारी रास्तको आणि नेवेना या माझ्या नातवंडांनी त्यांच्या आईचे पाय लोकरीच्या पट्ट्याने खुर्चीला बांधले. माझी सून देसांका खिशात अक्रोड चाचपत होती, तेवढ्यात माझा मुलगा ओब्राद गुत्त्यावरून आला. जेवण तयार नव्हतं. त्याने तिला तशी बांधलेलीच मारली. तिला उठता येईना, लाथ चुकवता येईना. ती खुर्चीसकट आडवी झाली तरी तो थांबला नाही. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. तिच्या बरगड्या मोडल्या, एक डोळा पार बंद झाला. सहा वर्षांचा रास्तको त्यानंतर कुणाशी बोलेना. गाठ त्याने मारली होती.

आठवडा संपता संपता ओब्राद तिला म्हणाला, "नाताळ होऊ दे. मग तुला कायमची झोपवतो." न पिता म्हणाला. पिऊन बोललेलं मी कानाआड करते, पण हे तसलं नव्हतं. देसांकाचा भाऊ चाचाक शहरात असतो, चांगला दांडगा गडी आहे, ओब्राद त्याला वचकून असतो. सुनेला आणि पोरांना तिथे पोचवायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. पण ओब्राद तिला नजरेआड होऊ देईना.

तिसऱ्या रविवारी सकाळी तो राकिया ढोसून स्वतःच लोखंडी शेगडीजवळ खुर्ची ओढून बसला.

"या रे माकडांनो, बांधा तुमच्या बापाला."

पोरं माझ्या झग्यामागे लपली.

"का रे? शेजारच्या मिलुतिनला त्याच्या पोरांनी उजाडताच बांधलं. मीच काय घोडं मारलंय?"

"मी नाही बांधणार," रास्तको म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं.

ओब्राद उठायला लागला. मी म्हटलं, "बस खाली. पोरांना मेली गाठ कुठे मारता येते? मी बांधते."

"तू? तुला बुटाची नाडी बांधायला माणूस लागतो, आई."

"बघूच की."

डुक्कर कापताना लागतो तो दोर मी आणला. त्याचे पाय बांधले, मग हात खुर्चीच्या पाठीमागे घेतले.

"हात कशाला?"

"माझ्या माहेरी हातही बांधतात."

"तुझं माहेर म्हणजे येड्यांचा बाजार," असं म्हणत त्याने हात मागे दिले. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं.

शेवटची गाठ आवळून मी म्हटलं, "देसांका, पोरांना कोट चढव. बस यायची वेळ झाली. भावाकडे जा."

ती खुळ्यासारखी बघत राहिली. तिच्याआधी ओब्रादलाच उमगलं. त्याने दोराला हिसका दिला, मग दुसरा. "आई, थट्टा पुरे." मग तो देसांकाकडे बघून गुरासारखा ओरडायला लागला, तंगड्या तोडीन, जाळून टाकीन, आधी तुला आणि मग या म्हातारीला. दोर ढिला होतोय का ते बघायला मी वाकले, तर त्याने माझ्या मनगटात दात रुतवले आणि सोडेना. दुसऱ्या हाताला लाटणं लागलं, ते मी त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, तेव्हा कुठे दात सुटले. पोटचा गोळा, तरी हाणलं.

देसांकाने निखारे ढोसायची सळई उचलली. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. मी अडवलं नाही. दुसऱ्यांदा सळई त्याच्या डोक्यावर उगारली तेव्हा मात्र तिचा हात धरला.

"डोक्यात नको, पोरी. तू तुरुंगात गेलीस तर पोरं कुणाकडे राहतील? याच्याचकडे."

तिने सळई टाकली आणि कोट शोधायला लागली.

ओब्रादचा आवाज एकदम मऊ झाला. "नेवेना, बाळा, माझ्या खिशात चॉकलेट आहे बघ. घे, तुझंच आहे."

चार वर्षांची पोर ती. तिने जाऊन खिशातलं चॉकलेट काढलं.

"मिळालं ना? मग आता गाठ सोड बरं."

आणि ती खरंच त्याच्या मागे बसून इवल्याशा नखांनी दोर उकलायला लागली. मी तिला मागे खेचलं तशी ती भोकाड पसरून रडली. "आजी, बाबांनी दिलं ना! दिलं की सोडायचं असतं!" तिचं बरोबर होतं, आम्हीच तसं शिकवलं होतं. रास्तकोने तिचं मनगट धरलं आणि तिला फरफटत बाहेर बर्फात नेलं. देसांका बरगड्या दाबत त्यांच्यामागे गेली. दारात तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हटलं, "चल निघ, उगाच थांबू नकोस."

ओब्राद खुर्ची डोलवायला लागला. इकडे, तिकडे, आणखी जोरात, आणि खुर्चीसकट शेगडीवर कलंडला. त्याचा दंड तापल्या लोखंडावर दाबला गेला. आधी बाही जळाल्याचा वास आला, मग मांस जळाल्याचा.

"आई, जळतोय मी. आई."

मी खुर्ची ओढली, पण ते धूड हलेना. बादली ओतली तर नुसती वाफ झाली. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. बस अजून आली नव्हती. सुरी घेऊन मी त्याच्या हातांचा दोर कापला. पायांचा नाही.

तो लोळत शेगडीपासून बाजूला झाला आणि त्याचा न भाजलेला हात पायांच्या गाठीकडे गेला. त्याआधी मी त्याच्या पायांवर आडवी पडले, गाठ पोटाखाली घेतली आणि दोन्ही हातांनी त्याच्या पिंढऱ्यांना मिठी मारली. सुरी लांब दाराकडे भिरकावली. पहिला ठोसा कानावर बसला. नंतरचे मानेत, पाठीत, कुठे कुठे.

"ऊठ, म्हातारे. मरशील."

मी उठले नाही. तोंडात रक्त आलं, ते त्याच्याच विजारीवर सांडलं. त्याने माझे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं. खालून रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं असेल, पोरं चढली असतील, देसांकाला चढायला वेळ लागत असेल. तो मारत होता. मग बस निघाली, चढावर घरघरली आणि वळणापलीकडे तिचा आवाज येईनासा झाला.

तेव्हा मी बाजूला झाले.