उनाला खरं तळं सांगितलं तेव्हा

माझा भाऊ टॉर्किल पन्नाशी ओलांडली तरी बिनलग्नाचा माझ्या घरात पडून होता. त्याचे मासेमारीचे कमरेपर्यंतचे रबरी बूट माझ्या न्हाणीघरात आणि गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी. पाद्रीबाबा चहाला आले तेव्हा मी चुकून तोच डबा उघडला होता. त्यामुळे त्याचं लग्न व्हावं ही घाई त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती.

बाई तयार होती. शाळेची बस चालवणारी उना. गळ टाकण्यात टॉर्किलच्या तोडीस तोड. टॉर्किलने नुकतीच गावभर गाजलेली एक ट्राउट मासळी पकडून आणली होती. उनाची अट एकच.

"ती थोराड ट्राउट कुठल्या तळ्यातली, ते मला खरं सांग. बायकोपासून तळं लपवणारा नवरा मला नको."

आमच्या डोंगरांत तळी ढिगाने, आणि मासा कुठे मिळाला हे इथे कोणी कोणाला खरं सांगत नाही. पाहुण्याला नाही, सख्ख्या भावाला नाही, मरणाऱ्या बापालाही नाही. त्यात कोणाला वाईटही वाटत नाही. उनाने दागिने मागितले असते तर टॉर्किल सुखाने झोपला असता. आठवडाभर त्याला अन्न गोड लागेना. शुक्रवारी तो पांढराफटक होऊन घरी आला.

"सांगितलं."

"काय?"

"खरं. डोमकावळ्याचं तळं. कुठल्या दगडावर उभं राहायचं तेही. उद्या ये म्हटलंय. अंगठी घेऊन बसतो तिथे."

मी त्याला मिठीच मारली.

शनिवारी तो सकाळपासून तळ्याकाठी बसला. संध्याकाळी चिंब भिजून परतला तेव्हा अंगठी त्याच्याच खिशात होती. "आली नाही," एवढंच म्हणाला आणि ओले बूट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिला. मला त्याची इतकी दया आली की फरशीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

मी तडक उनाकडे गेले. ती रागारागाने बस धूत होती.

"तुझा भाऊ खोटारडा आहे, डॉली."

"कशावरून?"

"शुक्रवारी आला आणि सांगूनच टाकलं! एका दमात! दगडासकट! खरं असतं तर जीभ जरा तरी अडखळली असती की नाही? म्हणून तेवढं एक तळं सोडून बाकी सगळी पालथी घातली मी. पायांचे फोड बघ."

"अगं बाई, तेच खरं आहे!"

"तू बहीण त्याची. तू दुसरं काय म्हणणार?"

डोकं बसवर आपटावंसं वाटलं. पण तिचं तरी काय चुकलं? तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्याकडे गळ टाकणं सोडाच, गळाकडे बघणंही पाप. चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेतला आणि ते कानाशी कुजबुजले, "टॉर्किलला तो मासा मिळाला कुठे गं?" मी त्यांना भलतंच तळं सांगितलं. आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी पायऱ्यांवर उनाला गाठलं.

"तुझं बरोबर होतं, उना. मेल्याने मलाही फसवलं. डोमकावळ्याच्या तळ्यात बेडूकसुद्धा नाही. बाकी कुठेही जा, तिथे तेवढी जाऊ नकोस."

उनाचे डोळे बारीक झाले. "काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"बरं झालं सांगितलंस गं," ती गोड आवाजात म्हणाली. समोरच्याच्या एकाही शब्दावर विश्वास नसला की इथली माणसं याच आवाजात बोलतात.

सोमवारी मी टॉर्किलला अक्षरशः ढकलून पुन्हा त्या तळ्यावर पाठवलं. "नाही येणार ती," तो म्हणत होता. "जा म्हणते ना!" मी म्हणत होते. मुलांना घरी सोडून उनाची रिकामी बस डोंगराच्या रस्त्याला वळली, ती मी खिडकीतून पाहिली. मग मात्र मला बसवेना. संध्याकाळी उगाचच मीठ आणायला दुकानात गेले.

मीठ घेऊन दुकानाच्या दारात आले तेवढ्यात दोघं, बस वरच सोडून, चालत उतरताना दिसली. कमरेपर्यंत चिखल. काठीचं एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं तिच्या, आणि मध्ये लोंबणारी ट्राउट. उनाच्या बोटात अंगठी होती.

दुकानदार लाक्लन धावत बाहेर आला. "बाप रे! कुठे मिळाली?"

टॉर्किलला आता खरं बोलायची सवय लागली असली तर?

"नदीत," उना म्हणाली.

"पुलाखाली," टॉर्किल म्हणाला.

"डाव्या काठाला."

"झाड वाकलंय ना, तिथे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर सोबत राहिलेल्या नवराबायकोला जमणार नाही इतकं ते सफाईदार होतं. मला भर रस्त्यात रडू फुटलं.

लाक्लन माझ्याकडे वळला. "खरं का गं, डॉली?"

"अगदी खरं," मी डोळे पुसत म्हटलं. "मी तिथेच होते."